विसाव्यावर बांधलेला दोर

१९३२ सालच्या उन्हाळ्यात आमची पलटण देवळालीच्या छावणीत होती. मी नाईक होतो आणि बी.ए. होतो. या दोन गोष्टी तेव्हा एका माणसात सहसा सापडत नसत. वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन. पावसाळ्यात घाटातल्या रुळांवर आलेली दरड काढायची, हे त्यांचं काम. माझ्याआधी आमच्या घरात कोणी मॅट्रिकच्या जवळपासही गेलं नव्हतं. पदवी घेऊन वर्षभर नोकरीसाठी फिरलो. मिळाली नाही. मग भरती झालो. बी.ए. होऊन शिपाईगिरी, असं आजही कोणी नाक मुरडून विचारतं. मी सांगतो, होय. सॅल्यूट करावा लागे, पण कोणाची हांजी हांजी करावी लागत नसे.

पलटणीच्या शाळेत मी शिपायांना रोमन उर्दू शिकवायचो, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली उर्दू. ती परीक्षा दिल्याशिवाय बढती नव्हती. त्यामुळे सगळे मला ‘मास्तर’ म्हणत. आमचे प्लाटून हवालदार गणपत शिंदेसुद्धा. शिंदे निफाडकडचे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढून आलेले, मिशीत पांढरं आलेले, आणि स्वतः ती परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेले.

नाशिक शहरात तेव्हा कलम १४४ लागलं होतं. कायदा मी वाचलेला होता. एरवी मिरवणूक काढायची तर पोलिसांचा परवाना लागे. रस्ता कोणता, वेळ कोणती, वाद्यं कुठे बंद करायची, सगळं परवान्यात असे. कलम लागलं की परवान्याचा प्रश्नच उरत नसे. सभा बंद, मिरवणूक बंद, पाचांहून जास्त माणसं एकत्र दिसली की तो बेकायदा जमाव. मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून फक्त लग्नाची वरात आणि प्रेतयात्रा वगळली होती.

घोटाळा त्यातूनच झाला. आम्ही येण्याच्या काही दिवस आधी भर बाजारातून एक तिरडी गेली. पोलिसांनी टोप्या काढून वाट दिली. पुढे चौकात तिरडी उतरली, तेव्हा कापडाखालून पत्रकांचे गठ्ठे निघाले आणि तासभर भाषणं झाली. तेव्हापासून पोलीस फौजदाराचा नाशकातल्या मेलेल्या माणसांवरही विश्वास उरला नव्हता.

मग लष्कर मागवलं गेलं. आमच्या प्लाटूनला गोदावरीचा पूल मिळाला. लष्कर आलं म्हणजे लगेच गोळी, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मॅजिस्ट्रेट हजर लागतो. आधी बिगुल वाजतो. मग दोन शिपाई कापडी फलक उघडतात, त्यावर मराठीत लिहिलेलं असतं: पांगा, नाहीतर गोळीबार होईल. तेच मोठ्याने वाचायचं काम माझं. त्यानंतर अधिकारी एका शिपायाचं नाव घेतो, निशाणा दाखवतो, आणि तेवढाच शिपाई एक गोळी झाडतो. सराव आम्ही छावणीत अनेकदा केला होता. सरावात जमाव म्हणून आमचेच स्वयंपाकी उभे राहत आणि फलक वाचून झाला की हसत.

आमचे कॅप्टनसाहेब विलायतेहून नुकतेच आलेले. त्यांची मराठीची परीक्षा व्हायची होती, म्हणून दुभाष्या मीच. पुलाच्या अलीकडे फौजदारानं रस्त्यावर आडवा दोर बांधला. एक टोक दिव्याच्या खांबाला, दुसरं पिंपळाला. पिंपळाखाली एक सपाट दगड होता. शिंद्यांनी तो पाहिला आणि फौजदाराकडे गेले.

“सायेब, दोर थोडा मागं घ्या. हा विसावा हाय.”

घरापासून मसणवट्यापर्यंत जाताना तिरडी वाटेत एकदा खाली ठेवतात. खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागे होतात, आणि मगच पुढे जातात. ती जागा म्हणजे विसावा. या दगडावर गावातल्या किती तिरड्या टेकल्या असतील, देव जाणे.

“जागा हुकमात ठरलीय, हवालदार,” फौजदार म्हणाला. “दोर हलणार नाही.”

शिंदे परत आले. “मास्तर, याचा काय भरोसा नाय. हा मेलेल्याला पण चौकीवर बोलवंल.”

दुपार उतरली तशी गल्लीतून प्रेतयात्रा आली. पुढे एक म्हातारा, हातात शिंकाळ्यात विस्तवाचं मडकं. मागे तिरडी, चौघांच्या खांद्यावर. तिच्यामागे पन्नासेक माणसं. बायका नव्हत्या. रडणंही नव्हतं. कोणीतरी ‘राम नाम’ म्हणत होतं, पण फार ठेक्यात म्हणत होतं. शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसं.

फौजदार माझ्या कानाशी आला. “ऐकताय ना? शोक आहे का हा?”

माझं लक्ष पुढच्या उजव्या खांदेकऱ्याकडे होतं. तो दिगू होता. कॉलेजात दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. त्याचा कंदील, माझं रॉकेल. रात्र रात्र भांडायचो. तो देशाबद्दल, मी परीक्षेबद्दल. शेवटच्या वर्षी त्यानं कॉलेज सोडलं आणि चळवळीत गेला. दिगू जिथे असेल तिथे सभा झाल्याशिवाय राहायची नाही, हे मला फौजदारापेक्षा चांगलं ठाऊक होतं. संशय माझ्याही मनात आला. तिरडीच्या बांबूंना, खांदा लागतो तिथे, फडक्याच्या मळक्या घड्या बांधल्या होत्या. एवढी काळजी कोण घेतं? कापडाखालचा आकार माणसाचा वाटत होता, पण अरुंद होता.

तिरडी दोरापाशी आली. म्हातारा थांबला. खांदेकऱ्यांनी तिरडी उतरवून दगडावर ठेवली. बरोबर दोरावर. दोर तिच्याखाली दबला.

कॅप्टनसाहेबांनी पाहिलं ते एवढंच: हद्दीचा दोर तुडवून जमाव थांबला आहे आणि पुढची माणसं मागे, मागची पुढे अशी हालचाल करताहेत.

“प्लाटून, लोड.”

बोल्ट ओढल्याचा आवाज झाला. ‘राम नाम’ बंद पडलं.

शिंदे ओरडले, “मास्तर, सांग सायबाला, विसावा हाय म्हणून!”

मी सांगितलं. विसाव्याला इंग्रजी शब्द पटकन सापडेना. शेवटी म्हणालो, “रूटीन हॉल्ट, सर.”

साहेबांना हॉल्ट कळला. त्यांनी विचारलं, “किती मिनिटांचा?”

“मिनिटांचा नसतो, सर.”

तेवढ्यात फौजदार तिरडीजवळ गेला आणि कापडाला हात घातला. म्हातारा मध्ये आला. मडकं हातात तसंच.

“हात नाय लावायचा. आईनं त्याचं तोंड झाकलंय. रस्त्यात कोन उघडणार नाय.”

“बाबा, खरं प्रेत असेल तर भ्यायचं काय कारण?”

“खरं हाय म्हनूनच.”

दिगू शांतपणे बोलला. “उघडा ना, फौजदारसाहेब. मग इथे जे होईल त्याची जबाबदारी घ्या म्हणजे झालं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “आणि तू वाच तुझा फलक. वाचन चांगलं होतं तुझं. दोन फिती मिळाल्या वाटतं?”

मागची पन्नास माणसं सरकून जवळ आली. बिगुलर ओठ ओले करत होता. मॅजिस्ट्रेट छत्रीखाली खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले. गोष्ट अगदी सरळ होती. कापड उचललं तर दंगल आणि मग गोळी. नाही उचललं आणि आत गठ्ठे असले, तर पूल गेला आणि आमच्या पलटणीचं हसं.

मी साहेबांना म्हणालो, “सर, विसाव्यावर खांदेकरी बदलतातच. मला एक खांदा द्यायची परवानगी द्या. तिरडी खांद्यावर घेतली की माणूस आहे की कागद, ते कळेल. कापड उचलायला नको.”

“नक्की कळेल?”

“कळेल, सर. पुलावरच्या पहिल्या दिव्यापाशी ओरडून सांगतो.”

मी रायफल शिंद्यांकडे दिली. टोपी दिली. बूट काढले. रस्ता तव्यासारखा तापला होता. म्हाताऱ्यानं मला खालून वर पाहिलं.

“कोनाचा तू?”

“इगतपुरीचा. गँगमन तुकारामचा मुलगा.”

“पोलिसाचा मानूस नाय ना?”

“नाही. पलटणीचा.”

म्हाताऱ्यानं मडकं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, “दे खांदा.”

मला मागची बाजू मिळाली. दिगू जागा बदलून माझ्याच जोडीला मागे आला होता. आम्ही तिरडी उचलली आणि दोर ओलांडला.

ती हलकी होती. चार जणांत वाटूनही माणसाचं वजन कळतं. हे माणसाचं वाटेना. मी बाजूला न बघता विचारलं, “दिगू, खरं सांग. काय आहे यात?”

“तुझ्या खांद्यावर आहे. तूच सांग.”

“फार हलकं आहे.”

“हलकंच करून पाठवलंत तुम्ही.”

बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. दिवा जवळ येत होता. मागे प्लाटूनच्या रायफली भरलेल्या, पुढे मोकळा पूल. मनात आलं, हा मला फसवतो आहे. खोली एक होती तेव्हाही हा माझं रॉकेल न विचारता जाळायचा. मी तोंड उघडणार, तोच पावलागणिक कानाला काहीतरी थंड लागतंय हे ध्यानात आलं. मान वळवली. कापडाच्या टोकातून पाय बाहेर आले होते. अंगठे पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले. आणि टाचेच्या वर, मागच्या बाजूला, चंद्रकोरीसारखा काळपट घट्टा.

तो घट्टा माझ्याही टाचेवर होता. प्लाटूनमधल्या प्रत्येकाच्या होता. सरकारी ॲम्युनिशन बुटाचं मागचं कातडं पहिल्या वर्षी तिथेच कापतं. वहाण वापरणाऱ्याला तो होत नाही, अनवाणी चालणाऱ्यालाही होत नाही.

दिव्यापाशी मी ओरडलो, “डेड बॉडी, सर! ऑल करेक्ट!”

मागून हुकूम ऐकू आला. “अनलोड.” फौजदारानं दोर सोडला आणि लोक पुलावर आले.

मी म्हाताऱ्याला हाक मारली. “बाबा, पलटण कोणती?”

त्यानं मान वळवली नाही. “तुझीच की. माझा पोरगा, किसन नाव. छाती बिघडली म्हनून घरी लावून दिला. तवापासून झिजत व्हता.”

किसन माझ्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसायचा. रोमन लिपीत स्वतःचं नाव लिहिताना के नेहमी उलटा काढायचा आणि मी डोळे वटारले की म्हणायचा, “मास्तर, तिकडून वाचा, बरोबर दिसंल.” त्याला डॉक्टरांच्या बोर्डानं घरी पाठवलं तेव्हा मी रजेवर होतो. पुढे चौकशी करायचं कधी मनात आलं नाही.

घाटावर चिता रचली. म्हाताऱ्यानं अग्नी दिला. मी निघायच्या बेतात होतो, तेव्हा दिगू तिरडीच्या मोकळ्या बांबूंकडे गेला आणि त्यांवरच्या घड्या सोडू लागला. एक सोडली, उलगडली. माझा खांदा जिच्यावर टेकला होता तीच. मळकं फडकं वरून होतं. आत झेंडा होता. पन्नास माणसं बसली, दिगू पायरीवर चढला आणि सभा सुरू झाली.

तिकडे पुलावर काय झालं ते मला शिंद्यांनी नंतर सांगितलं. फौजदार धापा टाकत साहेबांकडे गेला. “बघा! मी सांगत होतो ना! तुमच्या नाइकानं मिरवणूक पार करून दिली!”

कॅप्टनसाहेबांनी मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेट पुलाच्या कठड्याशी उभे होते. थकलेला, सज्जन माणूस. ते म्हणाले, “चिता पेटली आहे. चितेपाशी पाचांहून जास्त माणसं असतात.” साहेब म्हणाले, “माझ्याकडे पूल दिला होता. पूल ठीक आहे.” त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही. दिगूला पोलिसांनी दुसऱ्या दिवशी घरातून उचललं.

मला मात्र चैन पडेना. या लोकांनी म्हाताऱ्याचा दुखवटा वापरून घेतला, असं वाटत होतं. सभा चालू असतानाच मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

“बाबा, बांबूला त्या घड्या कोणी बांधल्या, ठाऊक होतं तुम्हाला?”

“मीच बांधल्या.”

“कशासाठी?”

तो चितेकडे बघत राहिला. “खांद्याला बांबू रुतू नये म्हनून.”

इतकी वर्षं झाली, त्यानं मला खरं सांगितलं की पोलिसाचा माणूस समजून टाळलं, मी ठरवू शकलेलो नाही. दोन्ही खरं असेल.

परत आलो तेव्हा शिंदे माझे बूट घेऊन विसाव्याच्या दगडापाशी उभे होते. मी नाव सांगितलं. त्यांनी प्लाटून रांगेत फॉल इन केली आणि, साहेबांना न विचारता, पलीकडच्या धुराकडे तोंड करून प्रेझेंट आर्म्सची सलामी दिली. साहेबांनी कारण विचारलं नाही. त्यांनीही हात टोपीला नेला.

पुढच्या महायुद्धात गणपत शिंदे सुभेदार होऊन इटलीत पडले. पलटणीच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. वर्षातून एकदा मी जाऊन वाचतो. किसनचं नाव तिथे नाही. तो घरी मेला, आणि घरी मेलेल्याचं नाव दगडावर घेत नाहीत, असं तिथल्या कारकुनानं मला समजावून सांगितलं. तेव्हा शिंद्यांचं नाव वाचून झालं की मी खाली वाकतो आणि चौथऱ्यावरच्या धुळीत बोटानं रोमन लिपीत किसन लिहितो. के उलटा काढतो. तिकडून वाचणाऱ्याला बरोबर दिसावा.