समाचाराचा फोन

धम्मदीनाताईंना फसवणं अवघड नव्हतं. कोणी दुःख सांगितलं की त्यांना ते खरंच वाटायचं.

वडील महूला फौजेत होते. ताई मात्र इंदूरच्या मिलमध्ये लागल्या, पगाराच्या खिडकीमागे. तिथेच त्यांचं तरुणपण गेलं. मग मिल बंद पडली. आधी फोन कापले, मग बँकेतलं खातं सील झालं, मग गेटला कुलूप. खिडकीसमोर माणसं आणि द्यायला काही नाही. लोक ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ताई म्हणत. लोक नुसते उभे राहिले होते.

काही वर्षांनी त्यांना सांवेर रोडवर काम मिळालं. तिथे पियुषचं शिलाईचं छोटं युनिट होतं. ताई त्याला इंदुरी पद्धतीनं 'भिया' म्हणत, म्हणजे भाऊ. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे. मशीनवर बायका बसायच्या. ताई हिशोब बघायच्या, आणि पियुषनं शिकवल्यापासून ईमेलही. कापड बुऱ्हाणपूरहून यायचं, गोपीनाथजींच्या पॉवरलूमवरून. त्यांची बिलं आताशा ईमेलनंच येत.

एका सकाळी त्यांच्याच पत्त्यावरून ईमेल आली. कोर्टानं आमचं खातं सील केलं आहे. कारागिरांची मजुरी थकली आहे. फोन कापले आहेत, तरी फोन करू नये. या वेळचे पैसे खाली दिलेल्या खात्यात आजच भरावेत.

खातं दुसऱ्याच कोणाच्या नावावर होतं, तेही दिल्लीच्या बँकेत. ताईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. मिल बुडाली तेव्हा मोठ्या लोकांनीही मेहुण्यांच्या नावावर खाती उघडली होती.

"अरे यार, बिचारे!" पियुष म्हणाला. "पण ताई, आपली हालत पण बघा. पूर्ण सीझनच्या कापडाचे पैसे आहेत हे. इकडेतिकडे झाले तर आपल्याला पण कुलूप."

"इकडेतिकडे कसे होतील भिया? गोपीनाथजींकडेच जाणार ना? तिकडे माणसं उभी असतील."

पियुषनं बँकेच्या फॉर्मवर सही केली. ताईंनी फॉर्म पर्समध्ये घातला, चपला घातल्या आणि दारातच थांबल्या.

शंका आली नव्हती. नुसते पैसे पाठवणं त्यांना बरं वाटेना. कोणावर अशी वेळ आली की आधी समाचाराला जायचं. मिल बंद झाली तेव्हा त्यांच्याकडेही माणसं आली होती. कोणी पोहे आणले. कोणी काहीच आणलं नाही, नुसते बसून गेले. बुऱ्हाणपूरला जाणं तर शक्य नव्हतं. पण गोपीनाथजींच्या घरचा नंबर त्यांच्याकडे होता, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हापासूनचा. निदान घरचा फोन तरी चालू असेल, म्हणून त्यांनी तो लावला.

गोपीनाथजींनीच उचलला.

"गोपीनाथजी, मी धम्मदीना, इंदूरहून. धीर सोडू नका."

"क्या? जोरात बोला ताई!"

"धीर सोडू नका म्हटलं! आम्ही आहोत!"

"अरे बाप रे. कोण गेलं?"

"कोणी नाही. तुमचं कळलं आम्हाला. खातं, फोन, सगळंच."

"माझं काय कळलं? पैसे कधी पाठवताय ते सांगा. आणि ओरडून बोला जरा, खाली लूम चालू आहेत!"

ताईंनी फोन कानाला घट्ट लावला. मग त्यांनाही ऐकू आलं. खटखट, खटखट, एकसारखं.

"तुमचे लूम चालू आहेत?"

"मग? बंद करू काय?"

"नका करू," ताई म्हणाल्या. "अजिबात नका करू."

त्यांनी ईमेल वाचून दाखवली. गोपीनाथजींनी आधी चोराला शिव्या घातल्या, मग ईमेलचा पासवर्ड सगळ्या गावाला सांगणाऱ्या आपल्या मुलाला.

"आणि तुम्ही भरत होता की काय पैसे?"

"फॉर्म पर्समध्ये आहे."

"फाडा!"

ताईंनी फोनजवळ धरून फाडला. "ऐकू आलं?"

"काही ऐकू आलं नाही!"

पियुष शेजारीच उभा होता. तो खुर्चीत बसला. त्यानं विचारलं, "ताई, तुम्हाला शक कधी आला?"

"आलाच नाही."

"मग फोन का केला?"

"असं कसं भिया? माणसाचं इतकं वाईट झालं आणि आपण नुसते पैसे पाठवायचे?"

पियुषनं फॉर्मचे तुकडे उचलून टोपलीत टाकले.

तेव्हापासून मात्र ताई शंकाही मनापासून घ्यायला शिकल्या. खातं बदलल्याचं कोणी कळवलं की फोन करायचाच, आणि तोही आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर. ईमेलमधल्या नंबरावर नाही. आणि कोणी 'घाई करा, फोन करू नका' असं लिहिलं, की हातातलं काम टाकून.

दिवाळीनंतर गोपीनाथजींनी खरोखरच बँक बदलली. त्यांचा स्वतःचाच फोन आला.

"ताई, नवीन खाता नंबर लिहून घ्या."

"ठेवा फोन. मी लावते तुमच्या घरच्या नंबरावर."

"अरे पण मीच बोलतोय ना! आवाज ओळखत नाही काय?"

"ओळखते. ठेवा."

त्यांनी ठेवला. ताईंनी नंबर फिरवला. पलीकडून फोन उचलला गेला तो शिव्यांसकटच. ताईंनी पेनचं टोपण काढलं आणि शिव्या संपेपर्यंत निवांत हसत बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता सांगा."