जखमेतली माती

केजला सरकारी दवाखान्यात जखमा धुणारी गंगासागर म्हणजे तोंडाची तोफच. कोयत्यानं हात कापलेला माणूस जखमेत रानातली माती दाबून आला, की तिचं डोकं सणकायचं. "घरात रंगीत टीव्ही आणलास, अन् जखमेत माती? अक्कल काय बाजारात इकून आलास रं?" मग जखम धुणं अन् टिटॅनसचं इंजेक्शन. सव्वीस वर्षं हेच.

रागाला कारणही तसंच होतं. तिचा थोरला भाऊ महांतेश. रानात त्याच्या पायावर विळा बसला, आईनं काळी माती दाबून चिंधी बांधली, असं गाव सांगायचं. आठव्या दिवशी दातखीळ बसली अन् धनुर्वातानं गेला बिचारा. लिंगायतांत पुरतात, त्यालाही त्याच रानात पुरला. मागं राहिली त्याची दोन वर्षांची, आईवेगळी लेक शिवानी. गंगासागरनं स्वतःचं लग्न केलं नाही. भाचीला वाढवलं, हैदराबादला रसायनशास्त्र शिकायला धाडलं.

ती पोर दिवाळीला आली अन् आत्याच्या हातावर एक डबी ठेवली. "जखमेवर टाकायची पावडर, आत्या. रक्त पटकन थांबतं. अजून सशांवरच चाचण्या चालू आहेत."

"काय हाय ह्यात?"

"मातीच. पण धुतलेली, भाजून जंतू मारलेली. कण इतके बारीक की..."

पुढं ऐकायला आत्या थांबलीच नाही. डबी अंगणात भिरकावली. "तुज्या बापाला खाल्लं त्या मातीनं, अन् तू तीच डबीत भरून आणलीस? ह्यासाठी शिकवलं व्हय गं तुला?"

शिवानीही तिचीच भाची. "बाबा मातीतल्या जंतूंनी गेले. खरं सांग, माती लावल्यावर रक्त थांबलं होतं की नाही?"

गंगासागर ओट्यावर बसली.

"थांबलं होतं. लगीच. म्हणून तर दवाखान्यात नेऊ नका म्हणले."

"कोण म्हणालं?"

"मी. माती आईनं न्हाई, म्याच लावलती. मरंपर्यंत आईनं माजं नाव कुणाला कळू दिलं न्हाई."

गंगासागर उठली, अंगणातून डबी आणली, पदरानं पुसली. आवाज अजून तापलेलाच होता.

"आधी इंजेक्शन, मग पावडर, असं मोठ्या अक्षरात लिव्ह ह्यावर. अन् ही माती हाय म्हणून गावात बोललीस, तर जीभ हासडीन; लोकं परत रानातलीच दाबतील. रगत थांबलं की माणसाला वाटतंय, वाचला. मलाबी वाटलं होतं."