काकूला बसवायचं राहून गेलं

फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. नेकनूरहून बप्पा बोलत होते. बप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. तिथलं किराणा दुकान आणि मळा तेच बघतात. "निर्मला गेली पहाटं," ते म्हणाले, "सावकाश या. घाई करू नका." घरात माणूस गेलं की लवकर या म्हणतात. बाबांना ते सावकाश खटकलं की नाही मला माहीत नाही, मला मात्र त्याचा अर्थ कळला होता. मी गॅस बंद केला आणि आई-बाबांना म्हटलं, मिळेल त्या एसटीनं निघू या.

याला आता महिना होऊन गेला. हे लिहायला बसले तेव्हा घरच्यांनी सुचवलं की काकूचं नाव तरी बदल. मी बदललेलं नाही. निर्मलाकाकू माझ्या धाकट्या काकांची बायको. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. माणूस गेलं की अंग आखडायच्या आत त्याला अंघोळ घालतात, मांडी घालून भिंतीला टेकवतात, विभूती लावतात, गळ्यात बांधलेलं इष्टलिंग तळहातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. घाई असते ती त्यासाठीच; जाळायचं असेल तर ती लागत नाही. मळ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला, आमची सगळी मागची माणसं अशीच बसलेली आहेत. फक्त काका नाहीत.

काकांनी ट्रक घेतला तेव्हा मी शाळेत होते. त्या वर्षांत सगळीकडे माल जायला लागला होता, नवे ट्रक दिसत होते आणि बीडच्या रस्त्यावरच्या गावागावांत कुणीतरी ड्रायव्हर झालेलं होतं. काका सुरतेला जायचे, भिवंडीला जायचे, येताना काकूला साडी आणि मला इंग्रजी अक्षरं छापलेली पेन्सिल आणायचे. मग ताप सुरू झाला, जुलाब, तोंडात फोड. घरात कावीळ म्हणायचे, नंतर टीबी म्हणायला लागले. खरं नाव कुणी घेतलं नाही. काका गेले तेव्हा कुणीतरी बप्पांच्या कानात घातलं की हा रोग मातीतून विहिरीत उतरतो. मळा त्याच विहिरीवर, घर त्याच पाण्यावर. बप्पा दुष्ट नाहीत, घाबरलेले होते. काकांच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं आणि त्यांना जाळलं. "गेले त्याचं रडून झालं गं," काकू मला पुढे एकदा म्हणाली, "पण त्यांना कुठंच ठिवलं न्हाई..."

नंतर तिची तपासणी झाली आणि तिलाही तोच आजार निघाला. तिला मूल नव्हतं, माहेरी भाऊ दारातूनच बोलून परत पाठवायचा. दर महिन्याला ती बीडला सरकारी दवाखान्यात यायची आणि आमच्याकडे उतरायची. मी इंग्रजी शाळेतली, घरातही कमी बोलणारी. ती मला मॅडम म्हणायची. "मॅडम, बोला की कायतरी. का बोलायची पण फी हाय तुमच्या शाळंत?" स्टँडच्या भिंतीवर तेव्हा एड्सपासून सावध राहा म्हणून मोठी कवटी रंगवलेली होती. तिच्यासमोर उभी राहून काकू म्हणाली, "हिला पदर घातला की मीच की गं!" मला हसू आलं नाही. तिला आलं, आणि हसता हसता खोकला आला.

त्याच दिवशी तिनं मला दवाखान्यात आत नेलं. डॉक्टरांना विचारायचं होतं आणि ते मीच विचारायचं होतं. "इंग्रजीत इचार. इंग्रजीत डॉक्टर खोटं बोलत न्हाईत." मी विचारलं, या आजाराचं माणूस पुरलं तर माती, पाणी यांना काही होतं का? डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, काकूकडे बघून मराठीत उत्तर दिलं. "काही होत नाही. अंघोळ घालणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, एवढंच." औषधाचं मात्र त्यांनी सांगितलं की परदेशात निघालंय, आपल्याकडे पोचायला वेळ लागेल. काकूनं ते दुसरं ऐकलंच नाही बहुतेक. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला, लगेच सोडला. "बप्पाला सांगशील? मला जाळू देऊ नको. मला बसवून ठिवायला लाव." मी हो म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लाकडं येऊन पडली होती. काकू तिच्या खोलीत आडवी होती, पांघरूण तोंडापर्यंत. बायका ओसरीच्या पलीकडे. मी बप्पांसमोर जाऊन सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. बप्पा चिडले नाहीत. "पोरी, तू शिकलेली हायस, बरोबर हाय. पर उद्या इहिरीचं पाणी कोन पेईल? दुकानात कोन येईल?" जंगमस्वामींना, म्हणजे आमच्या गुरूंना, बोलावणं गेलं. ते आले आणि म्हणाले, "मागच्या वक्ताला मला न इचारता जाळलं. आता इचारलंय तर सांगतो, लिंग बांधलेल्या बाईला जाळायचं न्हाई." कुणी म्हणालं, स्वामींचं काय जातंय, त्यांची इहीर दुसरीकडं हाय. शेवटी बाबा बप्पांना घेऊन एसटीडी बूथवर गेले. डॉक्टर वॉर्डात होते, लाइन लागत नव्हती, लागली की तुटत होती. ऊन डोक्यावरून कललं. बप्पा मान डोलावतच परतले. "सायेब म्हणले, काय होत न्हाई. खड्डा घ्या."

मला वाटलं, झालं. जाळायचं की पुरायचं हेच ठरत नव्हतं म्हणून तोवर तिला कुणी हात लावला नव्हता. आई आणि मी हातमोजे घालून आत गेलो. पाणी घातलं, विभूती लावली. स्वामी दारातून म्हणाले, आता बसवा. मी गुडघा उचलायला गेले... तो वाकला नाही. आईनं दुसरा पाय धरून बघितला. स्वामी आत आले, त्यांनी उघड्या हातानं तिचा खांदा उचलून पाहिला आणि हळूच परत टेकवला. "उशीर झाला, बाई. आता बसत न्हाई. जोर करू नका."

मळ्यात तिला माती मिळाली, लिंगही तिच्याबरोबर गेलं. पण सगळ्या बसलेल्या माणसांत ती एकटी आडवी आहे. येताना बप्पा माझ्याशेजारून चालत होते. "सायबाला सकाळीच फोन केला असता तर..." म्हणाले.

परवा नेकनूरला गेले होते. काकूच्या खोलीत कुणी राहत नाही, दुकानाची रिकामी पोती ठेवलीत. बप्पांनी भिंतींना चुना मारून घेतलाय, एकदा नाही, दोनदा. तरी दाराजवळच्या भिंतीवर, काकू दुपारची टेकून बसायची तिथे, डोक्याच्या उंचीला तेलाचा गोल डाग परत वर आलाय. त्याच्या खाली जमीन पाठीएवढ्या रुंदीत गुळगुळीत झालेली आहे. बप्पांची नवी सून पोतं घ्यायला आत आली, ती त्या जागेवर पाय न देता वळसा घालून गेली. भीतीनं की आदरानं, मी विचारलं नाही.