कंपनीकडून न आलेलं पत्र

आमच्या घरात चार माणसं. त्यांतल्या तिघांना हे माहीत नाही, आणि चौथा मी. कितीदा ओठांपर्यंत आलं असेल — पण आलं की मी पाणी प्यायचो, पुस्तक उघडायचो, काहीतरी करायचो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलणं जमेल असं वाटतं. बघू.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. दादाला पिंपरीच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि आम्ही सगळे — आई, दादा, वहिनी, मी — चिंचवडला दोन खोल्यांत राहायला आलो. मी सकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजात जाऊ लागलो. आमच्या घराण्यात मॅट्रिकसुद्धा कुणी झालेलं नव्हतं. इंग्रजी अक्षर असलेला कुठलाही कागद घरात आला की तो माझ्या हातात यायचा, आणि मी वाचेपर्यंत सगळे गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला आवडायचं. हेही सांगायलाच हवं.

दादाच्या नोकरीबरोबर घरात रोजचा गहू आला. गावाकडे पोळी सणाला व्हायची, इथं दोन वेळा. आईला त्याचं केवढं अप्रूप! दार उघडं ठेवून ती पोळ्या भाजायची. भाकरी आता मागं राहिली, असं तिला वाटायचं.

वहिनीला तो गहू सोसेना. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, दिवसातून सात-आठदा तांब्या घेऊन जावं लागायचं. वर्षात तिची हाडं वर आली. शेवटी पुण्यात विलायतेहून नुकतेच शिकून आलेले एक डॉक्टर भेटले. ते म्हणाले, काही माणसांच्या आतड्यांना गव्हातला चिकट भाग चालत नाही, हे तिकडे अलीकडेच ध्यानात आलं आहे. गहू अजिबात बंद. कणभरसुद्धा नको. वहिनी भाकरीवर आली. गिरणीत ज्वारीला आधीच्या गव्हाचं पीठ लागतं म्हणून ती घरच्या जात्यावर दळू लागली.

वहिनीला अर्धशिशीही होती. त्यासाठी ती किराणा दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या आणायची. डॉक्टरांनी ती गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, गोळी घट्ट बसावी म्हणून तिच्यात कसलं तरी पीठ घालतात — कुणी मक्याचं, कुणी बटाट्याचं, कुणी गव्हाचं. पुडक्यावर कंपनीचा पत्ता आहे. तुम्ही शिकता आहात, तर तेवढं पत्र लिहून विचारा. उत्तर येईपर्यंत गोळी देऊ नका.

मी हो म्हणालो. किती सोपं होतं! एक पत्र.

तीनदा लिहायला बसलो. ‘महाशय’ लिहिलं, आणि पुढं काय लिहायचं? माझ्या वहिनीच्या जुलाबांविषयी? कुणीतरी साहेब ते वाचणार, माझ्या व्याकरणाला हसणार, आणि शेजारच्या टेबलावर दाखवणार. कॉलेजच्या वाटेवर औषधांचं एक मोठं दुकान होतं, तिथंही विचारता आलं असतं. दोनदा पायरीपर्यंत गेलो. आत माझ्या वर्गातली मुलं उभी दिसली आणि परत फिरलो.

पण खरं कारण हेही नाही. खरं सांगायचं तर — मला वहिनीची किळस यायची. मी अभ्यासाला बसायचो त्या खोलीतून ती जायची यायची. तिच्या लुगड्याचा वास, ते पोटातले आवाज. मी नाकावर पुस्तक धरायचो. तिनं पाहिलं असेल? तिनं वाढलेलं जेवायचो, तिनं धुतलेला सदरा घालून कॉलेजात जायचो, आणि तिच्या दुखण्याचं नाव लिहायला मात्र माझ्या हाताला घाण लागत होती.

तीन आठवडे ती गोळीवाचून राहिली. डोक्याला घट्ट फडकं बांधून भिंतीशी बसायची. पोट मात्र सुधारत होतं, गालांवर जरा रंग आला होता. पत्र टाकलंय, असं मी आधीच सांगून बसलो होतो. रोज संध्याकाळी मी आलो की ती विचारायची, “आलं का वो भावजी, पत्र?”

एका संध्याकाळी मी म्हणालो, आलं.

खिशात कॉलेजच्या ग्रंथालयाचा कागद होता. पुस्तक अमुक तारखेच्या आत परत करावं, एवढाच मजकूर, इंग्रजीत टंकलेला, खाली सही. तो मी उघडला. सगळे गप्प बसले. मी तो मोठ्यानं इंग्रजीत वाचला, सावकाश, बोट फिरवत. मग मराठीत सांगितलं — कंपनी म्हणते, आमच्या गोळीत गहू नाही, खुशाल घ्या.

वहिनीनं तो कागद मागून घेतला. कपाळाला लावला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. त्याच रात्री तिनं दोन गोळ्या घेतल्या. तीन आठवड्यांची साचलेली डोकेदुखी होती, म्हणून पुढं ती गोळी रोजच घेऊ लागली.

पंधरा दिवसांत तिचं पोट पुन्हा बिघडलं. महिन्याभरात ती आधीसारखी झाली. घरात गव्हाला ती शिवत नव्हती. मग हे कशानं? आईनं उत्तर काढलं — ही चोरून पोळ्या खाते.

आई डब्यातल्या पोळ्या मोजून ठेवू लागली. जेवणानंतर वहिनीचा हात धरून हुंगू लागली. शेजारणींच्या देखत म्हणायची, “पोळीचा वास आला का हिचं ध्यान सुटतंय. लाज सोडली बगा हिनं.” मी समोर असायचो. पुस्तकात.

एकदा दादा म्हणाला, “त्या गोळीतच काय नसंल ना?”

मी मान वर केली. तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी वहिनी बोलली, “न्हाई वो, कंपनीनं लिवून दिलंय. भावजींनी इचारलंय की.” आणि ट्रंकेतून तो कागद काढून तिनं दादापुढं धरला. माझा खोटेपणा तिनं माझ्या बाजूनं साक्षीला उभा केला. मी काय केलं? मान खाली घातली.

तोवर मीही आईसारखाच विचार करू लागलो होतो — खातच असेल ही चोरून. असं मानलं की जेवण जायचं. इतका हलका माणूस मी आहे, हे त्या दिवसांत मला कळलं.

शेवटी एका रविवारी आईनं तिला देवापुढं बसवलं. खरं बोल म्हणाली. वहिनी शपथा घेत राहिली, आई मानेना, दादाही म्हणाला, एकदाचं सांगून टाक. तासभर चाललं. मग वहिनी थकली. अगदी हळू म्हणाली, “व्हय. खाल्ली. पुन्ना न्हाई खाणार.”

ती खोटं बोलते आहे हे त्या खोलीत तिच्याशिवाय फक्त मला कळण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या औषधांच्या दुकानात गेलो. गोळीचं नाव सांगितलं. दुकानदारानं माहितीपुस्तिका काढली, पान उलटलं, साध्या मराठीत सांगितलं — हिच्यात गव्हाचं सत्त्व आहे. ही नका देऊ, ती दुसरी द्या, तिच्यात मक्याचं आहे. कुणी हसलं नाही. कुणी मागं वळूनही पाहिलं नाही. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती दुसरी गोळी घेऊन मी बाहेर पडलो.

आणि घरी येऊन काय सांगितलं? ती गोळी मिळेनाशी झाली आहे, यापुढं ही घ्या. एवढंच. इतकं सगळं होऊनही एवढंच.

वहिनी बरी झाली. दीड महिन्यात अंगावर मूठभर मांस चढलं. गोळीनंच सारं झालं होतं की आणखी कशानं, हे डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत. पण तिनं पोळी चोरली नव्हती, हे मी सांगू शकतो. आणि तिचं बरं होणं हाच आता तिच्या चोरीचा पुरावा झाला आहे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “कबूल केलं आन् सुटली. आता हात लावत न्हाई, तर बगा कशी भरलीया.” लोक हसतात. वहिनीही हसते.

परवा पाहुणे आले होते. आईनं तीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. पाहुण्यांतल्या एकानं वहिनीला विचारलं, “काय वो, डबा कुलपात ठेवत्यात का अजून?” सगळे हसले. वहिनी पोळ्यांची दुरडी घेऊन माझ्यापाशी आली, म्हणाली, “भावजी, वाढू का अजून एक?”

मी ताट पुढं केलं. मीही हसत होतो.