कंपाउंडरनं पाळलेली शपथ

हल्ली माझा रिपोर्ट माझ्याआधी घरच्या ग्रुपवर पोचतो, तेव्हा पोलादपूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आठवतो. तिथं भिंतीवर जुन्या ग्रीक वैद्यांची, रुग्णाचं गुपित राखायची शपथ मराठीत टांगलेली होती. ती घेतली होती डॉक्टरांनी, पण पुड्या बांधता बांधता पाळायचा हा.

माझं लग्न ठरताना बाबा वरंधच्या मुलाची तब्येत विचारायला त्याच्याकडे गेले. चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला, "दादा, मी औषध देतो. खबर देत नाय." बाबा घरी येऊन फणफणले.

पुढे सासूबाई म्हणाल्या, "मी पन गेलेले गो तुझी चौकशी करायला. मेल्यानं तोंड उघडलं नाय!"

फिटच्या गोळ्या मी तीन वर्षं त्याच्याच हातून घेतल्या होत्या. नवऱ्याला ते मीच सांगितलं, लग्नाआधी. कंपाउंडरनं ते सांगणं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.