मनगटातला जोर आणि पॉवर स्टिअरिंग

पॉवर स्टिअरिंग ही निव्वळ चैन आहे, असं माझं ठाम मत होतं. ठाम मतांची शेती आमच्या घरात मी एकटाच करतो. पीक भरघोस येतं, गिऱ्हाईक मात्र मिळत नाही. (हे वाक्य बायकोचं आहे. मला सुचलं असतं तर मी ते स्वतःवर कशाला खर्च केलं असतं!)

विषय निघाला हौसाआत्यामुळे. हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तेव्हा ती त्यांच्याबरोबर घाट चढली-उतरलेली. पुढे कवठे येमाईत जमीन झाली, पाणी आलं, आम्ही कांदेवाले झालो, मी तर सणसवाडीला कंपनीत लागलो. पण आत्याने आपली थोडीथोडकी मेंढरं काही सोडली नाहीत. ती ओढ्यापलीकडच्या माळावर असायची आणि आत्या रोज सकाळी चालत तिकडे जायची. मग तिचे गुडघे गेले. ओढा उतरताना ती पडली, पुन्हा पडली. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून, तिला न विचारता, मेंढरं विकायचं ठरवलं आणि व्यापाऱ्याला निरोप धाडला. त्या दिवशी आत्या जेवली नाही आणि काही बोललीही नाही. आत्या गप्प बसली की आमच्या घरात कुकरसुद्धा दबकून शिट्टी देतो.

मला राहवेना. मोबाइलवर बघता बघता मला एक गाडी दिसली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, पुढेमागे सामान ठेवायला जाळ्या. एटीव्ही म्हणतात तिला. दगड, चिखल, ओढा, कुठूनही जाते. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, पण वावरात चालते.

"मी रोज आत्याला मागं बसवून माळावर नेईन!" मी जाहीर केलं.

"तुम्ही दिवसभर कंपनीत," बायको म्हणाली. "मेंढरांनी काय तुमची शिफ्ट बघून भुका लावून घ्यायच्या? आत्यांना चालवू द्या."

मी इतका हसलो की ठसका लागला. आत्या हसली नाही. तिने फक्त विचारलं, "मला कुठं पुण्याला जायचंय? ह्या माळावर तर जायचंय."

ही गाडी मिळत होती भांडगावला, हायवेवर, अस्लमभाईंच्या दुकानात. अस्लमभाई मूळचे दौंडचे, शेतीची अवजारं विकण्यात केस पांढरे झालेले. दुकानात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक साधी, एक पॉवर स्टिअरिंगवाली. दिसायला जुळ्या बहिणी, फक्त दुसरी जरा महाग.

"साधी दमदार हाय," अस्लमभाई म्हणाले, "पर लोड टाकून दगडात घातली की हँडल झटका मारतं. पॉवर स्टिअरिंगमधी त्यो झटका मशीन खातं, हातापर्यंत येऊच देत न्हाई. वळवायलाबी हलकी."

"अस्लमभाई, मनगटात जोर असल्यावर झटका काय करतोय!" असं म्हणून मी साध्या गाडीवर बसलो आणि जागच्या जागी तिचं हँडल गरागरा फिरवून दाखवलं. खाली गुळगुळीत फरशी होती. त्या फरशीवर आमचं कपाटसुद्धा गरागरा फिरलं असतं, पण हे नंतर सुचलं. त्या वेळी मी विजयी मुद्रेने म्हणालो, "साधीच घ्यायची! पॉवर स्टिअरिंग म्हंजी लेच्यापेच्यांची चैन!"

आत्या इतका वेळ खुर्चीत बसून अस्लमभाईंचा शब्द न् शब्द ऐकत होती. ती म्हणाली, "बापू, बैल घेताना दावणीला बघून घेतूस का जोतून बघून?"

"जोतून."

"मंग हे बिन-दाताचं जनावर न जोतता कसं घेतूस?"

यावर अस्लमभाईच खूश झाले. बाजारात बैल जोतून दाखवतात तशा दोन्ही गाड्या आमच्या माळावर चालवून दाखवायचं त्यांनी कबूल केलं. मी छाती फुगवून अटही घातली. जी गाडी भरल्या ओझ्याने ओढा पार करून मेंढरांपर्यंत धड पोहोचेल, ती घ्यायची.

रविवारी अस्लमभाई पिकअपमध्ये दोन्ही गाड्या घालून आले. निम्मी वाडी जमली. शेजारचे किसनआप्पा तर स्वतःच्या बांधावर खुर्ची टाकून बसले. त्यांच्या बांधापलीकडे कांद्याचं कोवळं रोप होतं, आणि आमच्या मेंढरांवर त्यांचा आधीपासूनच राग होता. आत्याला अस्लमभाईंनी पॉवर स्टिअरिंगच्या गाडीवर मागे बसवून, गॅस-ब्रेक समजावत सावकाश ओढ्यापलीकडे नेलं आणि माळाच्या कडेला गाडी उभी केली.

माझ्या साध्या गाडीवर मागे पेंडीची पोती बांधली, पुढे पाण्याचा कॅन. मी हेल्मेट चढवलं. "उजव्या अंगठ्यानं गॅस दाबायचा," अस्लमभाई ओरडून सांगत होते, "अंगठा सोडला की गाडी थांबंल. आन् हँडल आवळून धरू नका!"

मी आवळूनच धरलं. (जोर दाखवायचा म्हटल्यावर कुठून तरी दाखवायला नको?) ओढा मी झकास पार केला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. इथेच मी थांबलो असतो तर आज गावात माझं नाव वेगळ्या कारणाने निघालं असतं. पण मी एक हात उंचावून लोकांना दाखवायला गेलो, आणि तेवढ्यात पुढचं चाक दगडावर चढलं.

झटका बसला. हँडल असं फिरलं की मनगटातला सगळा जोर खांद्यातून निघून गेला. पडू नये म्हणून मी उजवा हात घट्ट आवळला, आणि आवळलेल्या हातात तो अंगठा होता! गाडी सुसाट निघाली.

"अंगठा सोडा! अंगठा!" अस्लमभाई.

"सोडतोय!" असं ओरडत मी आणखी दाबला.

समोर मेंढरांची वाघूर होती. वाघूर म्हणजे खुंट्यांना बांधलेली दोरीची जाळी, तिच्या आत मेंढरं कोंडतात. मी खुंट्या उपटत आत शिरलो. गाडी जाळीत गुरफटून बंद पडली, मी पोत्यांवरून घरंगळलो, आणि हेल्मेटसकट जाळीत असा अडकलो की हातपाय कुठले आणि दोऱ्या कुठल्या, हे मलाही सांगता येईना. मी आत गेलो आणि मेंढरं बाहेर गेली. नुसती बाहेर नाही, थेट किसनआप्पांच्या बांधाकडे!

"माझं रोप!" आप्पा खुर्चीवर उभे राहून किंचाळले. "हौसाबाई, आज जर माझं रोप खाल्लं, तर एकबी मेंढरू माळावर ठिवून देनार न्हाई!"

लोक धावले. पण धावणाऱ्या माणसांनी मेंढरं वळत नाहीत, ती आणखी उधळतात. तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जाळीतून मान वळवून बघतो तर पॉवर स्टिअरिंगच्या गाडीवर आत्या!

"आत्या, उतर! पडशील!" मी ओरडलो.

"तू निपचित पड. जाळी फाटंल माझी!"

आणि ती निघाली. पदर खोचलेला, वर हेल्मेट, उजव्या हातात हँडल, अंगठा अगदी हलका ठेवलेला, आणि डाव्या हातात काठी! एका हाताने हँडल! दगड आला की गाडी जराशी डुलायची, आत्याचा हात मात्र जागचा हलत नव्हता. ती मेंढरांच्या मागे लागली नाही. लांबून वळसा घालून पुढे गेली आणि बांधाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "हुर्रर्र!" पुढचा एडका थबकला. तो डावीकडे सटकला, तर आत्याची गाडी डावीकडे. उजवीकडे पळाला, तर ती जागच्या जागी वळून उजवीकडे. दुखऱ्या गुडघ्यांची ही बाई पुन्हा विशीतल्या पायांनी कळप वळवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (पेंडीचा भुगाही गेला होता, पण पाणी खरं होतं.)

सगळा कळप वळला, रांगेत परत आला. किसनआप्पांच्या रोपाची एक पातसुद्धा मोडली नाही. लोकांनी टाळ्यांनी माळ दणाणून सोडला. खुद्द आप्पा म्हणाले, "हौसाबाई, मानलं तुला! राहू दे तुझी मेंढरं!"

आत्याने माझ्याजवळ येऊन गाडी थांबवली, हेल्मेट वर केलं आणि अस्लमभाईंना म्हणाली, "जोतून बघितली. चांगली हाय."

"मंग कंची ठिवू, बापूसाहेब?" अस्लमभाईंनी हसू दाबत विचारलं.

"पॉवर स्टिअरिंगची," मी जाळीतून म्हणालो. "पण आधी मला काढा!"

"आधी व्यापाऱ्याला फोन कर," आत्या म्हणाली. "येऊ नगंस म्हनावं. मंग काढू."

माझा एक हात जेमतेम मोकळा होता. त्या हाताने मी तसाच पडल्या पडल्या फोन लावला. व्यापाऱ्याने विचारलं, "मेंढरं का विकत न्हाई?" मी सांगितलं, "घरात वळवनारं मानूस हाय." त्यानंतर मला सोडवण्यात आलं.

आता आत्या रोज सकाळी ऐटीत माळावर जाते. रात्री पोटभर जेवते आणि नको तितकं बोलते. पॉवर स्टिअरिंगच्या बाबतीत मी पंचक्रोशीतला जाणकार मानला जातो. लोक मुद्दाम विचारायला येतात, "बापू, जादा पैसे घालावेत का? हँडल खरंच हलकं लागतं का?"

"अगदी फुलासारखं!" मी छातीठोकपणे सांगतो. खरं म्हणजे मला काय ठाऊक! सुट्टीच्या दिवशी आत्या मला माळावर नेते, पण पेंडीच्या पोत्यांबरोबर मागे बसवून. हँडलला तिने अजून मला बोटसुद्धा लावू दिलेलं नाही.