साळवेमामा आणि गाळलेली ओळ

दगडू साळवे कुणाच्याही द्राक्षबागेत शिरले की आधी मालकाशी बोलत नसत. पहिल्या वेलाचं एक पान उलटं करत, त्याच्या मागून अंगठा फिरवत, तो अंगठा आपल्याच मनगटाला पुसत आणि मग वळून म्हणत, "जय भीम." तोवर मालकानं उभं राहायचं. वारूळवाडीच्या बागायतदारांना असं ताटकळत ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यात तोरा नव्हता. पानाकडे लक्ष असताना त्यांना दुसऱ्या कुणाचं ऐकूच येत नसे.

तरुणपणापासून पाठीवर फवारणीचा पंप घेऊन त्यांनी आमच्या भागातल्या बागा पायाखाली घातल्या होत्या. द्राक्षावर डावनी नावाची बुरशी पडते. ती पानावर दिसायच्या चार दिवस आधीच साळवेमामा सांगत. "ती येताना दिसत न्हाई, भाऊ. आल्यावर दिसती, तवा आपुन उशीर केलेला असतो," असं ते घरातल्या एखाद्या कपटी पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलत. माझे चुलते अण्णा त्यांना विचारल्याशिवाय फवारणी करत नसत. तरी त्यांचा चहाचा कप आमच्या घरात नसे. तो विहिरीवर, मोटारीच्या खोलीच्या खिडकीत पालथा घातलेला असे. त्याबद्दल आम्ही कुणीच कधी बोललो नाही, मीही नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नारायणगावात शेतीऔषधांच्या एका दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. मला रद्दीवाल्याकडून जुनी कॉम्प्युटर मासिकं आणायचा नाद होता. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे इंग्रजी अंक, फाटक्या मुखपृष्ठांचे, आत पानंच्या पानं छापलेले प्रोग्रॅम. एका अंकात लिहिलं होतं की, तज्ज्ञ माणसाला प्रश्न विचारत जा, उत्तरांचे नियम करा, ते यंत्रात घाला, मग यंत्र त्याच्यासारखंच निदान करील. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे तेव्हा हेच, अशी माझी समजूत झाली. खाली रोग ओळखणारा छोटा प्रोग्रॅमही होता. मी तो टाइप केला, चालवला, आणि मला साळवेमामा आठवले.

ते आनंदानं तयार झाले. एक अख्खा हंगाम मी वही घेऊन त्यांच्यामागे फिरलो. "मामा, आज फवारायचं हे कशावरून ठरवलंत?" असं विचारलं की ते पान उलटं करून दाखवत. मग म्हणत, "आवो, कळलं." मी हटून बसे. मग पाऊस, तेलकट डाग, नव्या फुटीची लांबी असं एकेक बाहेर येई. पण प्रत्येक नियमाच्या शेवटी ते एक वाक्य सांगत: "आन खाली लिवा, बागेत जाऊन बघा." वहीत मी ते प्रत्येक वेळी लिहिलं. प्रोग्रॅममध्ये मात्र गाळलं. यंत्राला हो किंवा नाही असं उत्तर लागे, आणि बागेतच जायचं तर यंत्र कशाला, असं मला वाटलं.

प्रोग्रॅम खालच्या दुकानात लागला. शेतकरी यायचे, प्रश्नांना हो-नाही सांगायचे, पडद्यावर सल्ला यायचा. दोन हंगाम तो बरोबरच आला. अण्णा खूश होते. "बरं झालं. आता त्याला सारखं बोलवाया नको," असं ते एकदा म्हणाले, आणि खिडकीतला कप कधी नाहीसा झाला ते मला कळलंही नाही.

एका दुपारी साळवेमामा जिना चढून क्लासमध्ये आले. मला म्हणाले, "इचारू द्या मला बी." मी बटणं दाबत गेलो, ते उत्तरं देत गेले. सल्ला आला. त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

"माझ्यावानीच बोलतंय," ते म्हणाले. "पर ह्याला भ्या न्हाई."

"म्हणजे?"

"मला सांगताना वाटतं, चुकलं तर बाग जाईल, भाऊ. म्हणून मी परत जाऊन बघतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

दोन हजार सालानंतरचा एक हंगाम. बागा फुलोऱ्यात होत्या आणि मीना नदीच्या बाजूनं रोज धुकं चढू लागलं. पाऊस नव्हता. साळवेमामा रस्त्यानं जाताना अण्णांच्या कुंपणाशी थांबले. मी तिथेच होतो.

"अण्णा, दुपारपातुर पानं वाळंनात. आजच फवारा."

"मशीनला कालच विचारलं," अण्णा म्हणाले. "पाऊस न्हाई, डाग न्हाई, गरज न्हाई म्हणतंय. तुझंच डोकं हाय ना त्यात?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. धुक्याचा प्रश्न यंत्रात नव्हताच. ते आत आले नाहीत. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी घड तपकिरी पडले आणि हात लावला की गळू लागले. नदीकाठच्या सगळ्या बागांची तीच गत झाली. लोक दुकानात जमले. मामांनाही बोलावून आणलं होतं. "साळव्यानं मुद्दाम अर्धंच सांगितलं," कुणीतरी म्हणालं, आणि मग ते सगळेच म्हणू लागले. माझी वही वरच्या खोलीत होती. चौदा पायऱ्या चढून ती आणायची आणि उघडून दाखवायची, एवढंच काम होतं. मी हललो नाही. मामांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांना बागेत कुणी बोलावलं नाही. ते डोंगराकडच्या तळेघरला लेकीकडे राहायला गेले. ती तिकडे शाळेवर शिक्षिका होती. वर्षभरानं मी गेलो. शेवटचा टप्पा पायीच होता. ते भाताच्या खाचराच्या बांधावर बसले होते, बाजूला काठी होती. अंगानं वाळले होते.

"मामा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ती ओळ मी गाळली होती."

"ठावं हाय. मशीननं सांगितलं न्हाई, तवाच कळलं. मी दोनदा वाचाया लावलं व्हतं ना."

"मग दुकानात का नाही बोललात?"

"मी बोलून कुणी ऐकलं असतं?" ते शांतपणे म्हणाले. "तुमचं ऐकलं असतं." मग लेकीला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढच्या थंडीत ते गेल्याचं मला नारायणगावच्या स्टँडवर, जीपमध्ये कळलं. मी तसाच उतरलो, वही घेतली आणि अण्णांना जाऊन सगळं सांगितलं. ते वहीकडे बघत बसले. "आता कशाला सांगतोस," एवढंच म्हणाले.

तिथून दुकानात गेलो आणि प्रोग्रॅम पुसून टाकला. दुकानदारानं आडकाठी केली नाही. "इथला पुसाल, सर. पण ह्याच्या कॉपी केलेल्या फ्लॉप्या लई गेल्यात. लोक मागत व्हते, मी देत गेलो."

"कुठे कुठे?"

तो बोटांवर मोजत आठवू लागला. ओतूर, जुन्नर, मंचर, बेल्हे. मी लिहून घेतलं. अजून दोन-तीन गावं आहेत, असं तो म्हणाला, पण कुठली ते त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही.